सोसायटीचं कंपाउंड नव्याने करताय? काँक्रीट, पेव्हर की जाळीचे ब्लॉक

नेरूळच्या आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी कंपाउंडचं काम सर्वसाधारण सभेत आलं, तेव्हा चर्चा दोनच गोष्टींवर झाली: दर किती आणि दिसेल कसं. त्यावरून वाहणारं पावसाचं पाणी जातं कुठे, हे कुणीच विचारलं नाही. मलाही ते सुचलं जूनमध्ये, पहिल्या मोठ्या सरीनंतर. गेटजवळच्या गटाराच्या जाळीपाशी पाण्यावर ऑइलचा सप्तरंगी तवंग होता, त्यात वेफर्सची पाकिटं, पालापाचोळा, कुणाच्या तरी कुत्र्याची घाण, आणि सगळं निमूट खाली उतरत होतं. तुमच्याकडे हा विषय अजून सभेपुढे यायचा असेल, तर तुमच्या हातात वेळ आहे.

आधी एक गोष्ट, कारण पुढची निवड तिच्यावरच अवलंबून आहे. नवी मुंबईत संडास-बाथरूमच्या पाण्याची आणि पावसाच्या पाण्याची वाहिनी वेगळी आहे. पहिलं प्रक्रिया केंद्रात जातं. दुसरं नाल्यातून, बऱ्याच ठिकाणी शहर वसवणाऱ्या सिडकोने बांधलेल्या धारण तलावांतून (भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून ठेवणारे तलाव), ओहोटीला झडपा उघडल्या की ठाण्याच्या खाडीत. वाटेत ते कुठेही शुद्ध होत नाही. तलावात थोडा गाळ तेवढा बसतो, आणि तोच साचून बरेच तलाव उथळ झालेत. म्हणजे आपल्या पार्किंगमध्ये जे सांडतं ते खाडीत पोचतं. ही खाडी 2022 पासून रामसर दर्जाचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ क्षेत्र आहे. फ्लेमिंगो तिथल्या चिखलातच चरतात, आणि दिवाळे, सारसोळे, वाशीगावचे कोळी त्याच पाण्यात जाळं टाकतात.

आकडा लहान वाटू नये म्हणून साधा हिशेब: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. कंपाउंड हजार चौरस मीटरचं असेल आणि दिवसात 100 मिमी पाऊस झाला (आपल्याकडे यात नवल काही नाही), तर एक लाख लिटर पाणी गेटकडे धावतं. उन्हाळाभर साचलेली धूळ, टायरची भुकटी, ब्रेकची पूड, ऑइल यातलं बरंचसं सुरुवातीच्या सरीच धुऊन नेतात.

आता पर्याय.

ट्रिमिक्स काँक्रीटचं (ओतल्यावर व्हॅक्यूमने जास्तीचं पाणी ओढून घेतात ते) कौतुक आधी करतो. टँकर, कचरागाडी, अग्निशमनची गाडी, सगळं पेलतं. झाडायला सोपं. ऑइल वरच राहतं, त्यामुळे त्यावर लाकडाचा भुसा टाकून गोळा करता येतं. दोष एकच, पण मोठा: पाण्याचा थेंबही जिरत नाही, जोराची सर आली की सगळं एकदम गटारात. त्या वेळी खाडीला भरती असेल तर झडपा बंद, आणि पाणी आपल्याच दारात.

पेव्हर ब्लॉकबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. फटी दिसतात म्हणून पाणी जिरतं असं आपण धरून चालतो. आमच्याकडेही सभेत हेच सांगितलं गेलं. प्रत्यक्षात ब्लॉक बसवले जुन्या पीसीसीवर, म्हणजे साध्या काँक्रीटच्या थरावर, मध्ये ग्रिटचा (बारीक दगडी चुऱ्याचा) थर आणि फटींत सिमेंट. पाण्याच्या दृष्टीने ते काँक्रीटच झालं, वर दुसऱ्याच पावसाळ्यात दोन ठिकाणी खचलं. पाणी खरंच जिरवायचं तर खालचा थर वेगळा लागतो: चुरा नसलेली, स्वच्छ धुतलेली खडी, त्यावर ब्लॉक, आणि फटींत सिमेंट किंवा रेतीऐवजी बारीक खडी. एक फूट जाडीच्या अशा खडीत साधारण चार इंच, म्हणजे 100 मिमी पाणी मावतं. वरचं हजार चौरस मीटरचं एक लाख लिटर आठवा. ते थांबतं इथे, आणि हळूहळू बाहेर पडतं. ऑइलचा आणि मातीचा बराच भाग खडीतच अडकतो. खोदकाम जास्त, त्यामुळे खर्च साध्या पेव्हरपेक्षा वाढतो, आणि फटी मातीने बुजू नयेत म्हणून पावसाळ्याआधी नीट झाडून वरची खडी बदलावी लागते. शेजारी बांधकाम चालू असेल तर ते संपेपर्यंत हा पर्याय थांबवा. धुळीने वर्षभरात फटी बंद होतात.

जाळीचे ब्लॉक, म्हणजे मध्ये हिरवळ लावतात ते ग्रास पेव्हर, कोटेशनच्या फोटोत सुंदर दिसतात. आपल्या इमारतींच्या सावलीत आणि दिवसभर उभ्या गाडीखाली ती हिरवळ टिकत नाही. ती मेली की उरते माती, आणि ती वाहून जाणं हेही प्रदूषणच, कारण तोच गाळ धारण तलावात जाऊन बसतो. शिवाय काठी टेकत चालणाऱ्या आजी-आजोबांना ती पोकळी जड जाते. उन येणाऱ्या कडेच्या पट्ट्यात, जिथे पाहुण्यांच्या गाड्या कधीतरी लागतात, तिथे मात्र हे छान. इतरत्र लावायचेच असतील तर पोकळीत माती नको, खडी भरा.

यापैकी काय घ्यायचं हे तुमची सोसायटी कुठे आहे त्यावर ठरतं, आणि हे मला कुठल्याही कंत्राटदाराने सांगितलं नाही. पारसिकच्या टेकडीच्या पायथ्याशी खाली मुरूम आहे, पाणी जिरतं. खाडीकडच्या सेक्टरमध्ये भराव आणि चिकणमाती, पावसाळ्यात भूजल जवळजवळ वरपर्यंत. तिथे शोषखड्डा खणलात तर तो चार महिने भरूनच राहील आणि डास होतील. अशा जागी खडीचा थर पाणी फक्त थोपवतो, म्हणून त्याच्या तळाशी भोकांचा पाइप टाकून तो पावसाच्या गटाराला जोडावा लागतो. तुमच्याकडे काय आहे ते ऑगस्टमध्ये बागेच्या कोपऱ्यात तीन फुटांचा खड्डा खणून कळेल: पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत रिकामा झाला तर जिरवा, नाहीतर पाइप हवाच.

माझं मत विचाराल तर कंपाउंड एकाच प्रकारचं करू नका. टँकरच्या आणि अग्निशमनच्या वाटेवर काँक्रीट. दुचाक्या उभ्या राहतात, ऑइल टपकतं, तिथेही काँक्रीटच, कारण ते घाण पाणी जमिनीत मुरवून बोअरवेल खराब करण्यात अर्थ नाही. तिथलं ऑइल भुशाने उचला. निरमा टाकून पाइपने धुतलंत तर ऑइल आणि साबण दोन्ही खाडीत. उरलेल्या भागात खडीवरचा पेव्हर. आणि गच्चीचं पाणी कंपाउंडवर सोडूच नका. ते सगळ्यात स्वच्छ असतं. पहिली सर वाया जाऊ द्या, मग स्वतंत्र पाइपने जिरवा किंवा टाकीत घ्या.

गाड्या धुण्याचं थोडक्यात. पाइपपेक्षा बादली आणि फडकं केव्हाही बरं, पण उरलेलं फेसाळ पाणी गेटकडच्या जाळीत ओतलं तर फरक फारसा पडत नाही. ते ड्रेनेजच्या, म्हणजे संडास-बाथरूमच्या वाहिनीच्या चेंबरला जोडलेल्या मोरीत ओता. गाडी धुणाऱ्या दादांना ती मोरी दाखवून ठेवा. वॉशिंग सेंटरला गाडी नेत असाल तर तिथे ऑइल अडवणारी टाकी आहे का, एवढं विचारा. रंगकामवाले ब्रश धुतात, फरशीवाले कटरचं पांढरं पाणी सोडतात, तेही बहुधा याच जाळीत. त्यांच्यासाठीही तीच मोरी. कटरचं पाणी मात्र आधी ड्रममध्ये निवळू द्या, खालचा गाळ वाळवून राडारोड्यात टाका.

कोटेशन मागवताना तीन गोष्टी लेखी घ्या: ब्लॉकखाली नेमके कोणते थर, फटींत काय भरणार, आणि जाळीआधी गाळ अडवणारा चेंबर देणार का. टँकर येत असेल तर ब्लॉक 60 मिमीचा नको, 80 चा घ्या. काम संपल्यावर शेवटचं बिल देण्याआधी एक बादली पाणी ब्लॉकवर एकाच जागी ओता. ते पाणी गेटकडे धावत सुटलं, तर खाली काय टाकलंय ते ब्लॉक उचलून बघा.