सेप्टिक टाकी ठेवायची की ड्रेनेजच्या मेन लाईनला जोडायचं? सोसायटीच्या मीटिंगआधी वाचून घ्या

मुंबईच्या उपनगरातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये हा विषय दर एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, निघतो आणि समोसे आले की पुढच्या वर्षावर जातो. आमच्याकडे, म्हणजे कांदिवलीत, तीन विंग, 1978 चं बांधकाम, तो सहा वर्षं असाच ढकलला गेला. बिल्डिंग बांधली तेव्हा समोरच्या रस्त्यात ड्रेनेजची लाईन नव्हतीच म्हणून सेप्टिक टाकी केली, नंतर लाईन आली तरी कोणी जोडली नाही, चाललंय ना मग कशाला हात लावा. आता जोडून चार वर्षं झाली, दोन्हीचा अनुभव आहे आणि मधली तीन वर्षं सेक्रेटरीपण मीच होतो, म्हणून लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: लाईन समोरून जात असेल आणि लेव्हल, म्हणजे उतार, मिळत असेल तर जोडून टाका. वास, खर्च ही कारणं नंतरची, खरं कारण हे की सेप्टिक टाकीवर नजर ठेवणारं तुमच्याशिवाय कोणीच नसतं.

आमचे डोळे उघडले ते एका जुलैमध्ये. बी विंगमध्ये एका आठवड्यात पाच घरांत जुलाब-उलट्या, सगळ्यांनी आधी पाणीपुरीवाल्याला शिव्या घातल्या. 1916 वर तक्रार केली, वॉर्डातून माणूस आला, त्याच्याकडे ओटीची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाची, बाटली आणि काचेची छोटी नळी. मीटरजवळच्या नळाचं पाणी घेतलं, थेंब टाकले, छान पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन आहे. मग पिण्याच्या अंडरग्राउंड टाकीतलं पाणी घेतलं, थेंब टाकले, काही नाही, होतं तसंच पांढरं. तो एवढंच म्हणाला, "साहेब, आमच्याकडून पाणी चांगलं येतंय, भानगड तुमच्या आत आहे." लॅबचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला, कोलिफॉर्म सापडलेच, म्हणजे मैला मिसळल्याची खूण देणारे जंतू. आमची पिण्याची टाकी आणि सेप्टिक टाकी यांच्यात जेमतेम आठ फुटांचं अंतर, पावसात जमिनीतलं पाणी वर आलेलं आणि पिण्याच्या टाकीच्या भिंतीला तडा. पुढचं सांगायला नको.

आता पाण्यावर लक्ष कोण ठेवतं ते बघा, कारण लोकांची इथेच गल्लत होते. सात तलावांतून रोज जवळपास 4,000 दशलक्ष लिटर पाणी शहरात येतं, भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होतं, ठिकठिकाणचे नमुने रोज तपासले जातात, आणि कुठल्या वॉर्डात किती टक्के नमुने नापास झाले ते पालिकेच्या पर्यावरण स्थिती अहवालात छापून येतं, आपला वॉर्ड जरूर बघा. पण ही सगळी राखण मीटरपर्यंतच. मीटरच्या आतलं, म्हणजे अंडरग्राउंड टाकी, पंप, गच्चीवरची टाकी, हे सोसायटीचं. आणि मुंबईत पाणी चोवीस तास नसतं, दिवसातले काही तासच येतं, बाकी वेळ पाईप रिकामे, त्यांच्यात दाब नाही, त्यामुळे आजूबाजूला घाण साचलेली असली आणि पाईपला बारीकसं भोक असलं तरी ती आत ओढली जाते. सेप्टिक टाकी आपल्याच आवारात असली की ही घाण आपण स्वतःच जवळ आणून ठेवलेली असते.

तरी टाकीवाल्यांची बाजू अगदीच पडकी नाही. टाकी नीट बांधलेली असेल, दोन कप्पे, आत बॅफल म्हणजे मैला अडवणारी आडभिंत, आणि दर दोन-तीन वर्षांनी उपसली, तर ती बिचारी मुकाट काम करते, लाईट गेली तरी अडत नाही. पण ती मैला फक्त खाली बसवते आणि थोडा कुजवते, बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं, जंतू त्यात तसेच असतात. ते शोषखड्ड्यात जायला हवं आणि भारतीय मानकाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर लांब हवा. मुंबईत 18 मीटरमध्ये आख्खी एक विंग बसते. शिवाय जूनपासून सप्टेंबरपर्यंत जमीन आधीच तुडुंब, शोषणार काय आणि कुठे. म्हणून बऱ्याच ठिकाणी टाकीचं पाणी गुपचूप पावसाळी गटारात सोडलेलं असतं आणि ते नाल्यातून थेट खाडीत जातं. तुमच्या प्लंबरला बाजूला घेऊन विचारा, त्याला माहीत असतं.

आणि उपसण्याचं काय. सक्शन गाडी गल्लीत शिरत नाही, मग कॉन्ट्रॅक्टर म्हणतो "दोन माणसं उतरवतो, तासाभराचं काम". हे कधीही करू देऊ नका. आत हायड्रोजन सल्फाईड असतो, जास्त झाला की त्याचा वासही येईनासा होतो आणि माणूस दोन श्वासांत पडतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने कोणाला असं सुरक्षेच्या साधनांशिवाय उतरवणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि काम देणारी म्हणून कमिटीही त्यात येऊ शकते. सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. आमच्या आधीच्या कमिटीने हे दोनदा करून घेतलं होतं, काही झालं नाही हे निव्वळ नशीब.

लाईनचं आता. उपसण्याची कटकट संपली, पिण्याच्या टाकीशेजारची घाण गेली, गेटबाहेर काही तुंबलं तर बघायला पालिकेचं मलनिःसारण खातं आहे. पण जोडणी हा वैतागच. लायसन्सवाला प्लंबर, वॉर्डात अर्ज, रस्ता खोदाईची परवानगी, ती पावसाळ्यात मिळत नाही आणि रस्ता नुकताच काँक्रीटचा झाला असेल तर अजून कठीण, आमचं काम यातच एक वर्ष लटकलं. बिलात मलनिःसारण आकार लागतो, त्यावर मीटिंगमध्ये आवाज चढणार. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेव्हल. रस्त्यातलं मॅनहोल तुमच्या शेवटच्या चेंबरपेक्षा खोल हवं, नाहीतर उतार मिळत नाही आणि पंप बसवावा लागतो, मग लाईट गेली की बोंबला. सखल भागात तर भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की लाईन उलटी मारते, तळमजल्याच्या मोरीतून पाणी वर येतं, आमच्याकडे एकदा आलंय, नंतर उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व बसवला. आणि मैला पुढे सगळा शुद्ध होतो असं समजू नका, वरळी, वांद्रे, मालाड, भांडुप अशा सात ठिकाणी नवीन शुद्धीकरण केंद्रांचं काम अजून चालूच आहे.

कोणीतरी उठून एसटीपी, म्हणजे आवारातच सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, म्हणेलच. मोठ्या टॉवरला ठीक आहे, साठ फ्लॅटच्या जुन्या सोसायटीला ब्लोअरचं (पाण्यात हवा सोडणाऱ्या यंत्राचं) लाईट बिल आणि ऑपरेटरचा पगार परवडत नाही, आणि ऑपरेटर सुट्टीवर गेला की एसटीपीची नुसती टाकी होते.

लाईन नसेलच, गावठाणात वगैरे असाल, तर टाकी ठेवावीच लागेल. मग उपसण्याची तारीख मिनिट्समध्ये लिहा, पिण्याची टाकी वर्षातून दोनदा धुवा, आतून वॉटरप्रूफिंग करा आणि टाकीतल्या पाण्याचा नमुना पावसाळ्यात एकदा तरी लॅबला द्या, 100 मिलीमध्ये ई-कोलाय, म्हणजे मैल्यातला जंतू, एकही चालत नाही. ओटीची बाटली आता माझ्याही कपाटात असते, बायको म्हणते दुसऱ्यांची माणसं छंद म्हणून क्रिकेट बघतात.

जोडणार असाल तर एक गोष्ट कोटेशनमध्येच लिहून घ्या. जोडणी झाल्यावर जुनी टाकी तशीच सोडायची नाही, गाडीने पूर्ण उपसून, तळाला भोकं पाडून, डेब्रिज आणि मुरूम भरून बंद करायची. शेजारच्या सोसायटीने नुसती झाकणं लावून सोडली, आत पाणी साचलं, डास झाले ते झाले, आणि दोन पावसाळ्यांनी स्लॅब खचून एका गाडीचं मागचं चाक आत गेलं.