जर्मनीत वर्षभर की नेपाळात दोन महिने? परदेशी स्वयंसेवेचे दोन रस्ते

पीस कोअर ही अमेरिकी सरकारची स्वयंसेवक संस्था फक्त अमेरिकी नागरिकांना घेते. भारतीय पासपोर्ट हातात असेल तर दोन वाटा जास्त मळलेल्या आहेत: जर्मनीतलं सरकारमान्य स्वयंसेवी वर्ष, नाहीतर नेपाळातल्या एखाद्या खेड्यात सहा-आठ आठवडे. दोन्हीला स्वयंसेवाच म्हणतात. पण जर्मनीत जागा आधीच रिकामी असते आणि तुम्ही ती भरता. नेपाळात तुमच्यासाठी काम आहे का, हे आधी शोधावं लागतं. पैसा, व्हिसा, भाषा या सगळ्याचे फरक इथूनच निघतात.

जर्मनी: जागा कुठून आली

2011 साली जर्मनीने सक्तीची लष्करी सेवा स्थगित केली. तोवर सैन्यात जायला नकार देणारी मुलं त्याऐवजी वृद्धाश्रमांत आणि रुग्णालयांत काम करत. ते हात एकदम कमी होणार म्हणून त्याच वर्षी 'बीएफडी' ही केंद्र सरकारची स्वयंसेवा सुरू झाली. आजही बहुतेक जागा वृद्धाश्रम, दिव्यांगांच्या कार्यशाळा, रुग्णालयं आणि बालवाड्या इथेच मिळतात. याहून जुनी योजना 'एफएसजे', म्हणजे स्वयंसेवी सामाजिक वर्ष, पण तिला 27 वर्षांची वयोमर्यादा आहे. बीएफडीला वरची मर्यादा नाही. दोन्हींचा नेहमीचा करार 12 महिन्यांचा.

बॅचेस बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात. त्यामुळे अर्ज आदल्या हिवाळ्यात गेले पाहिजेत, आणि एप्रिल-मेपर्यंत सही झालेला करार हातात हवा, नाहीतर मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटकडून व्हिसा वेळेत मिळणं अवघड होतं. संस्था साधारण ए-टू (प्राथमिक) ते बी-वन (मध्यम) पातळीचं जर्मन मागतात. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनातून ए-टू करून गेलेल्याला बोलता येतं. पण कवळी काढून ठेवलेल्या, बव्हेरियन बोलीत पुटपुटणाऱ्या आजी काय म्हणतात ते कळायला बी-वनसुद्धा अपुरं पडतं. बी-वन झाल्याशिवाय निघू नका, हे आमचं स्पष्ट मत.

एक कागद हमखास विसरला जातो: गोवराच्या लसीचा पुरावा. 1970 नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला बालवाडी, शाळा किंवा रुग्णालयात काम करण्याआधी तो द्यावा लागतो, आणि दोन डोस लागतात. भारताच्या सरकारी लसीकरणात गोवराचा दुसरा डोस 2010 पासून टप्प्याटप्प्याने आला. म्हणजे त्याआधी जन्मलेल्या बऱ्याच जणांच्या कार्डावर एकच नोंद असेल. इथेच एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लसीचा एक डोस घेऊन डॉक्टरांचा शिक्का आणि तारीख घ्या. पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्सही काढून ठेवा.

पैशांचं गणित करारावरच वाचायचं. हातखर्चाची कायदेशीर कमाल मर्यादा 2026 साठी महिना 676 युरो आहे, पण प्रत्यक्षात बहुतेक संस्था याहून बऱ्याच कमी देतात. आरोग्यविम्यासह सगळ्या सामाजिक विम्याचा हप्ता संस्थाच भरते. कळीची ओळ राहण्याची. खोली फुकट मिळते, थोडी भरपाई मिळते, की काहीच नाही? म्युनिकसारख्या शहरात खोली नसेल तर त्या हातखर्चात निभाव लागणार नाही. तो करार नाकारा. देशभर चालणाऱ्या डॉइशलांड-टिकिटाचे, म्हणजे बस-लोकल रेल्वेच्या मासिक पासाचे, 63 युरो आणि घरामागे महिना 18.36 युरोची रेडिओ-टीव्हीची प्रसारण वर्गणीही हिशोबात धरा. भारतातले काही दलाल याच जागांसाठी मोठी फी घेतात. संस्थांकडे थेट अर्ज करता येतो.

पोचल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत घरमालकाचं राहत असल्याचं पत्र घेऊन नगर कार्यालयात नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची. त्याआधी पत्रपेटीवर आपलं आडनाव चिकटवा. नाव नसलं तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि कर क्रमांक, बँक कार्ड, विमा कार्ड सगळं टपालानेच येतं. निवासपरवान्यासाठी परदेशी नागरिक कार्यालयाची वेळ त्याच आठवड्यात मागून ठेवा. मोठ्या शहरांत तारखा लांबच्या मिळतात.

तिथला दिवस

वृद्धाश्रमात सकाळची पाळी साधारण साडेसहाला सुरू होते. न्याहारी वाढायची, पलंग आवरायचे, चाकाच्या खुर्चीतून फिरवायचं, पत्ते खेळायचे, वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. कामं साधी, पण चूक झाली तर महागात पडते. गिळायला त्रास असलेल्यांना पाणी घट्ट करणारी पूड घालूनच द्यावं लागतं, कारण पातळ पाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. किती पूड घालायची हे माणसागणिक ठरलेलं असतं, अंदाजाने घालू नका. खुर्चीतून उठवताना दोन्ही ब्रेक लावायचे आणि पाय ठेवायच्या पट्ट्या वर करायच्या. पट्टीत पाय अडकून पडणं हा नेहमीचा अपघात.

औषधं देणं, इंजेक्शन, रात्रपाळीत एकट्याने विभाग सांभाळणं ही तुमची कामं नाहीत. माणसं कमी पडली की हळूहळू तीही अंगावर येतात. "मला याची परवानगी नाही" हे वाक्य जर्मनमध्ये पाठ करून जा, आणि ऐकलं नाही तर वर्षभर तुमची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्या मार्गदर्शकाला लेखी कळवा. 27 वर्षांखालच्यांना वर्षाला 25 दिवसांची प्रशिक्षण सत्रं असतात. ते कामाचेच दिवस आहेत, आणि कर्मचारी नाहीत म्हणून संस्थेला तुम्हाला थांबवून घेता येत नाही. आजारी पडलात तर पाळी सुरू होण्याआधी फोन करायचा. नंतर सांगितलेलं चालत नाही.

माणसं बहुधा मोडतात ती नोव्हेंबरात. साडेचार-पाचला अंधार, रविवारी दुकानं बंद, शेजारी सभ्य पण दारापुरते. त्या काळात गावातल्या एखाद्या फेराइनमध्ये, म्हणजे मंडळात, नाव घातलेलं बरं: गायनाचं, बॅडमिंटनचं, काहीही.

नेपाळ: कुणाला हवे आहात?

इथे व्हिसा लागत नाही. विमानाने जाणाऱ्या प्रौढाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार कार्डावर विमानतळावरून परत फिरावं लागतं. रस्त्याने जायचं तर मुंबईहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सुनौली सीमा आणि पुढे बस. एक भारतीय रुपया म्हणजे 1.60 नेपाळी रुपये, हा दर 1993 पासून बांधलेला आहे. घरगुती मुक्कामाचे कुणी दिवसाला 1000 नेपाळी सांगितले तर ते आपले 625 रुपये, महिन्याचे 18,750. हे पैसे तुम्हीच भरायचे, आणि शक्यतो थेट त्या घराला.

भाषेची अर्धी अडचण देवनागरीने सुटते. बसची पाटी पहिल्याच दिवशी वाचता येते. मोठ्यांना 'तपाईं', थोरल्यांना दाइ-दिदी, धाकट्यांना भाइ-बहिनी. जेवण दोनदा दाल-भात, पहिलं सकाळी नऊ-दहालाच. तेव्हा 'दुपारच्या जेवणानंतर भेटू' असं ठरवलंत तर घोळ होतो. साप्ताहिक सुट्टी शनिवारी.

बहुतेकांचं गणित चुकतं ते महिन्यांत. दसैं-तिहार म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीच्या दिवसांत शाळा कितीतरी दिवस बंद असतात, आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना सुट्टी असते. असारात, म्हणजे जून-जुलैत, गाव भातलावणीत असतं. असार 15 ला दही-चिउरा, म्हणजे आपले दहीपोहे, खाऊन सगळे चिखलात उतरतात. लावणीला हात लावायचा असेल तर तेव्हा जा, पण जळवा आणि दरडींनी बंद पडणारे रस्ते गृहीत धरून. बांधकामासाठी मध्य नोव्हेंबर ते मार्चचे कोरडे महिने चांगले.

कामांपैकी पाण्याच्या योजनेत शिकलेल्या माणसाचा खरा उपयोग होतो. डोंगरातल्या झऱ्याचं, तिथल्या भाषेत मुहानचं, पाणी पंपाशिवाय उतारावरून पाइपने गावात येतं. आपल्या कोकणातही अशा योजना आहेत. पहिलं काम मोजणीचं: 20 लिटरची बादली 40 सेकंदांत भरली तर सेकंदाला अर्धा लिटर, दिवसाला 43,200 लिटर. माणशी 45 लिटर धरले तर 960 माणसांना पुरेल, पण रात्रीचं पाणी साठवायला टाकी असेल तरच. ही मोजणी मार्च ते मेमध्येच करायची. पावसाळ्यानंतर मोजलेला झरा उन्हाळ्यात तोंडघशी पाडतो.

दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब, म्हणून सहा किलो दाब सोसणाऱ्या एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपवर 60 मीटरहून जास्त उतार एका दमात घेता येत नाही. मध्ये दाब तोडणारी टाकी बांधावी लागते. ती वगळली तर दिवसा सगळं ठीक वाटतं आणि पाइप फुटतो रात्री, सगळे नळ बंद असताना, कारण पूर्ण दाब तेव्हाच येतो. उंचवट्यावर हवा अडकून पाणी थांबतं, तिथे एअर व्हॉल्व्ह. खोलगट जागी गाळ साचतो, तिथे तो सोडायला वॉशआउट. उघडा पाइप उन्हाने ठिसूळ होतो, म्हणून सुमारे 90 सेंटिमीटर पुरायचा. एवढं करून योजना बंद पडते ती मात्र देखभालीला पैसे नसल्याने. उपभोक्ता समिती, म्हणजे पाणी वापरणाऱ्यांची समिती, दर महिन्याला वर्गणी घेते का, दुरुस्ती करणाऱ्याला पगार मिळतो का, हे विचारल्याशिवाय पाइपला हात लावू नका.

25 एप्रिल 2015 च्या 7.8 तीव्रतेच्या भूकंपानंतर घरबांधणीतही बरेच स्वयंसेवक गेले. मातीत रचलेल्या दगडी भिंतीला आरपार जाणारे दगड आणि आडवे बंध नसले तर तिचे दोन पदर सुटून बाहेर पडतात. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 रोजी हेच झालं. गवंडीकाम येत नसेल तर तुम्ही फक्त दगड वाहाल, आणि त्या मजुरीची गरज गावातल्याच कुणाला तरी असते.

अनाथाश्रमात 'मुलांसोबत वेळ घालवा' अशा जाहिराती दिसल्या तर सरळ पुढे जा. अशा कित्येक ठिकाणच्या मुलांचे आईवडील जिवंत असतात. पाहुण्यांच्या देणग्यांसाठी मुलं घरातून आणली जातात, यावर युनिसेफनेही इशारे दिले आहेत. शाळेत तीन आठवडे इंग्रजी शिकवणं इतकं घातक नाही, पण उपयोगही बेताचाच.

कुणी कुठे जावं

वर्ष मोकळं आहे, बी-वन झालंय, माणसांच्या अंगाला हात लावायची किळस नाही: जर्मनी. त्यातून पुढे तीन वर्षांच्या नर्सिंग आउसबिल्डुंगला, म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षणाला, जाणारे पुष्कळ आहेत. दोनच महिने आहेत आणि प्लंबिंग, सर्वेक्षण, गवंडीकाम किंवा हिशोब येतो: नेपाळ. दोनच महिने आणि कौशल्यही नाही, तर पाहुणे म्हणून जा, घरभाडं द्या, लावणीला मदत करा, पण त्याला प्रकल्प म्हणू नका.

हातात किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव आणि वय किमान 27 असेल तर तिसरी वाट संयुक्त राष्ट्रांच्या यूएनव्ही या स्वयंसेवक योजनेची: निर्वाहभत्ता मिळतो, पण निवड नोकरीसारखीच कडक असते.

नेपाळातल्या समितीला निघण्याआधी तीन प्रश्न नेपाळीत लिहून पाठवा: मी नसतो तर हे काम कोण करणार होतं, मी गेल्यावर कोण करणार, आणि मी दिलेल्या पैशांतले किती गावात राहणार? पहिल्या प्रश्नाला 'कुणीच नाही' आणि दुसऱ्यालाही 'कुणीच नाही' असं उत्तर आलं, तर तिकीट काढू नका.