परक्या देशातला हुकूमशहा बळाने हटवावा का? चार मार्ग, शेजारी शेजारी ठेवून

एखादा हुकूमशहा स्वतःच्याच लोकांना मारतो आहे, तुरुंग भरले आहेत, निवडणुकीचे निकाल पायदळी तुडवले जात आहेत, आणि हे थांबवण्याची ताकद एखाद्या बलाढ्य देशाकडे आहे. अशा वेळी वादातला बहुतेक वेळ तो माणूस किती वाईट आहे हे सिद्ध करण्यात जातो. त्यावर फारसं दुमत नसतंच. इराकचा सद्दाम हुसेन, लिबियाचा गद्दाफी, युगांडाचा इदी अमीन, कंबोडियाचा पोल पॉट यांची बाजू घेणारे किती जण सापडतील? निर्णय अडतो तो पुढच्या प्रश्नांवर. तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांना हुकूम कोण देणार? सैनिकांचा पगार कोण करणार? दारूगोळ्याच्या कोठारांवर पहारा कोण ठेवणार? गेल्या पन्नास वर्षांतली उदाहरणं जवळ जवळ ठेवून पाहिली, तर यशापयश बहुतांशी या उत्तरांवर ठरलेलं दिसतं.

मार्ग ढोबळमानाने चार आहेत: फौज घालून देश ताब्यात घेणं, वरून बॉम्बफेक करायची आणि जमिनीवरची लढाई स्थानिक बंडखोरांवर सोडायची, सैन्य सीमेवर उभं करून हुकूमशहाला निघून जायला वाट ठेवायची, आणि फौज न हलवता निर्बंध आणि राजनैतिक कोंडी यांवर भिस्त ठेवायची.

आधी कायदा, थोडक्यात

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम 2(4) दुसऱ्या देशावर बळ वापरायला मनाई करतं. अपवाद दोनच: स्वसंरक्षण (कलम 51) आणि सातव्या प्रकरणाखाली सुरक्षा परिषदेने दिलेली परवानगी. 2005 च्या जागतिक शिखर परिषदेने नरसंहार, युद्धगुन्हे, वांशिक निर्मूलन आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांपासून लोकांना वाचवण्याची जबाबदारी मान्य केली, पण तीही सुरक्षा परिषदेच्या मार्फतच. हुकूमशाही आहे एवढ्या कारणावरून सरकार उलथवायला कायद्यात आधार नाही. परवानगीविना गेलेल्याला कोणी अटक करत नाही, हे खरं. पण नंतरचा खर्च, फौज आणि बदनामी वाटून घ्यायला कोणी पुढे येत नाही, आणि पैशाच्या हिशेबात ही बाब फार मोठी ठरते.

पनामा 1989 आणि इराक 2003

दोन्ही ठिकाणी अमेरिकाच. दोन्ही ठिकाणी राजधानी पटकन पडली. पुढचं सगळं मात्र वेगळं.

पनामात मे 1989 ची निवडणूक विरोधी पक्षाच्या गियेर्मो एन्दारांनी जिंकली होती आणि तिथला लष्करी हुकूमशहा नोरिएगा याने ती रद्द केली होती. 20 डिसेंबरला कारवाई सुरू होता होता एन्दारांचा शपथविधी अमेरिकी तळावर उरकला गेला. सुमारे 27 हजार सैनिक वापरले गेले आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास कालव्याच्या तळांवर आधीपासूनच होते. नोरिएगा व्हॅटिकनच्या वकिलातीत लपला आणि 3 जानेवारी 1990 ला शरण आला. पनामाचं लष्कर बरखास्त झालं, पण खालच्या फळीतले बरेच जण नव्या पोलीस दलात घेतले गेले. त्यांचा पगार चालू राहिला, म्हणून बंदुका घेऊन डोंगरात जायला त्यांच्याकडे कारण उरलं नाही.

याला स्वच्छ कारवाई म्हणणं चुकीचं ठरेल. एल चोरियो ही गरिबांची वस्ती जळून गेली, हजारो बेघर झाले, पनामाचे शेकडो लोक मेले आणि नेमका आकडा आजही वादात आहे. पोलीस गायब होताच शहरात दुकानं लुटली गेली, कारण पहिल्या दिवसांच्या बंदोबस्ताचा विचारच झाला नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 75 विरुद्ध 20 मतांनी कारवाईचा निषेध केला. शिवाय ज्याला पकडलं, तो नोरिएगा पूर्वी अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्याच पगारावर होता. हुकूमशहा हटवण्याची चर्चा सुरू झाली की त्याला आजवर कोणी पोसलं हे आधी तपासावं. कित्येकदा हात काढून घेणं हेच पहिलं पाऊल असतं.

इराकमध्ये निवडून आलेला वारस नव्हता. देशाबाहेर राहिलेले नेते होते, पण आत त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं. बगदाद 9 एप्रिल 2003 ला पडलं. मंत्रालयं, रुग्णालयं, राष्ट्रीय संग्रहालय लुटलं जात असताना रस्त्यावर पुरेसे सैनिकच नव्हते. शांतता राखायला दर हजार लोकांमागे सुमारे 20 सुरक्षा कर्मचारी लागतात, असा लष्करी नियोजनात वापरला जाणारा ठोकताळा आहे. इराकची लोकसंख्या तेव्हा अडीच कोटींच्या आसपास होती, म्हणजे 5 लाख माणूस हवा. अमेरिकेचे प्रत्यक्षात दीड लाखाच्या आसपास होते. लष्करप्रमुख जनरल शिन्सेकी यांनी फेब्रुवारी 2003 मध्ये सिनेटच्या समितीसमोर काही लाख सैनिक लागतील असं सांगितलं होतं आणि संरक्षण खात्याच्या वरिष्ठांनी ते जाहीरपणे खोडून काढलं होतं.

ही तूट भरून काढायला इराकचं स्वतःचं सैन्य आणि नोकरशाही हाताशी होती. ताबा प्रशासनाने तेच दोन फटक्यांत मोडलं. 16 मे च्या पहिल्या आदेशाने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार पायऱ्यांवरच्या सगळ्यांना सरकारी नोकरीतून काढलं, आणि मंत्रालयं, विद्यापीठं, रुग्णालयं यांच्या वरच्या तीन स्तरांतले पक्षसदस्यही घरी बसवले. पक्षाचं सदस्यत्व घेतल्याशिवाय बढती मिळत नव्हती, त्यामुळे त्यात शाळामास्तरांपासून अभियंत्यांपर्यंत सगळे सापडले. 23 मे च्या दुसऱ्या आदेशाने सैन्यच बरखास्त केलं. शस्त्रं चालवता येणारी सुमारे 4 लाख माणसं एका दिवसात बेरोजगार झाली. भत्ता देण्याची घोषणा झाली ती जूनमध्ये, निदर्शनं झाल्यावर. तोवर कोठारांतली शेकडो टन स्फोटकं पहाऱ्याविना पडून होती. रस्त्याकडेच्या बॉम्बना लागणारी माणसं, माल आणि राग हे तिन्ही अशा रीतीने एकत्र आले. 2011 पर्यंत अमेरिकेचे साडेचार हजारांच्या जवळपास सैनिक आणि एक लाखाहून जास्त इराकी नागरिक मारले गेले. 2014 मध्ये मोसुल घेणाऱ्या इस्लामिक स्टेटच्या वरच्या फळीत सद्दामच्या सैन्यातले जुने अधिकारी होते. ज्या संहारक शस्त्रांसाठी युद्ध झालं, त्यांचे साठे सापडलेच नाहीत.

पनामा लहान होता, इराक मोठा आणि पंथापंथांत विभागलेला होता, हा फरक आहेच. तरीही ते दोन आदेश कोणी सक्ती करून काढायला लावले नव्हते. आमच्या मते सैन्य बराकीत ठेवून, पगार चालू ठेवून, फक्त वरचे गुन्हेगार अधिकारी वेगळे काढले असते, तरी बंड इतक्या लवकर आणि इतकं पसरलं नसतं.

लिबिया 2011 आणि गांबिया 2017

फौज उतरवणं महाग पडतं म्हणून दुसरा मार्ग आकर्षक वाटतो: आपली माणसं मरत नाहीत, काम लवकर होतं. लिबियाबाबत सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक 1973 हा 17 मार्च 2011 ला 10 विरुद्ध 0 मतांनी झाला. भारत, चीन, रशिया, जर्मनी आणि ब्राझील तटस्थ राहिले. नागरिकांचं संरक्षण एवढाच अधिकार होता आणि परकी ताबाफौज नको असं ठरावातच लिहिलं होतं. 19 मार्चला गद्दाफीचे रणगाडे बंडखोरांच्या ताब्यातल्या बेनगाझी शहराच्या वेशीवर होते, फ्रेंच विमानांनी ते रोखले. इथवरचं काम ठरावाप्रमाणे झालं.

खरा निर्णय त्यानंतर होता: शहर वाचवून थांबायचं की गद्दाफी जाईपर्यंत पुढे जायचं? आफ्रिकी संघाने एप्रिलमध्ये वाटाघाटींचा प्रस्ताव नेला. गद्दाफी खुर्चीवर राहणार म्हणून बंडखोरांनी तो नाकारला, आणि मागे विमानं असल्यामुळे तो स्वीकारण्याची त्यांना गरजही उरली नव्हती. जूनमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं अटक वॉरंट निघालं, गद्दाफीची बाहेर जायची वाट आणखी अरुंद झाली. 20 ऑक्टोबरला तो सिर्तमध्ये मारला गेला आणि 31 ऑक्टोबरला नाटो या पाश्चात्त्य लष्करी आघाडीने मोहीम बंद केली.

जमिनीवर राहिल्या त्या शहराशहरांच्या सशस्त्र टोळ्या. नव्या सरकारकडे सैन्य नव्हतं, म्हणून त्यांनी टोळ्यांनाच पगार सुरू केला. झालं उलटंच: प्रत्यक्ष लढलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त नावं पगारपत्रकावर चढली आणि शस्त्र खाली ठेवण्यात तोटा होऊ लागला. कोठारांतली शस्त्रं वाळवंट ओलांडून गेली. जानेवारी 2012 मध्ये मालीत उठाव झाला, त्यात लिबियातून परतलेले लढवय्ये होते. 2014 मध्ये लिबियात दोन सरकारं झाली. आणखी एक किंमत लिबियाबाहेरच्यांनी मोजली. संरक्षणाच्या परवानगीतून सत्तापालट केला गेला असं म्हणत रशिया आणि चीनने ऑक्टोबर 2011 मध्ये सीरियावरच्या ठरावावर नकाराधिकार वापरला. एका ठिकाणी परवानगी ताणली, की पुढच्या ठिकाणी ती मिळतच नाही.

गांबियाचा घटनाक्रम पाहा. 1 डिसेंबर 2016 च्या निवडणुकीत बावीस वर्षं सत्तेवर असलेला याह्या जामेह हरला. त्याने पराभव मान्य केला आणि 9 डिसेंबरला शब्द फिरवला. पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेने 19 जानेवारी ही मुदत दिली, कारण त्या दिवशी जुना कार्यकाळ संपत होता. त्याच दिवशी विजयी उमेदवार अदामा बॅरो यांनी सेनेगलमधल्या गांबियाच्या वकिलातीत शपथ घेतली, सुरक्षा परिषदेने त्यांना मान्यता देणारा ठराव केला आणि सेनेगलच्या नेतृत्वाखालचं सैन्य सीमा ओलांडून आत शिरलं. मग ते थांबवलं गेलं. गिनी आणि मॉरिटानियाचे राष्ट्राध्यक्ष जामेहकडे बोलणी करायला गेले. त्याच्या लष्करप्रमुखाने लढणार नाही असं आधीच सांगून टाकलं होतं. 21 जानेवारीला तो विमानात बसून इक्वेटोरियल गिनीला गेला. लढाई जवळपास झालीच नाही.

हे सगळीकडे जमेल असं नाही. गांबिया चिमुकला आहे, समुद्राची बाजू सोडली तर सेनेगलने वेढलेला, सैन्य नावापुरतं, निवडून आलेला वारस तयार, शेजारी एकमताचे, कोणती महासत्ता जामेहच्या पाठीशी नाही. यांतली एक गोष्ट जरी कमी असती, तर धमकीचं प्रत्यक्ष युद्धात रूपांतर करावं लागलं असतं. त्यामुळे धमकी देणाऱ्याने आत शिरण्याची खरी तयारी ठेवावीच लागते. हैतीत सप्टेंबर 1994 मध्ये सत्ता बळकावून बसलेला जनरल सेद्रास पायउतार होण्याच्या करारावर सही करायला तयार झाला, तेव्हा अमेरिकी छत्रीधारी सैनिकांची विमानं निघालेली होती.

या मार्गात न्याय मागे पडतो, आणि हे बोचणारं आहे. जामेहच्या राजवटीत छळले गेलेले, घरची माणसं गमावलेले लोक आजही जिवंत आहेत. लायबेरियाच्या चार्ल्स टेलरला 2003 मध्ये नायजेरियात आसरा मिळाला, 2006 मध्ये तो पकडला गेला आणि 2012 मध्ये त्याला 50 वर्षांची शिक्षा झाली. पीडितांसाठी हा मोठा दिलासा होता. पण पुढचा हुकूमशहा अशा आसऱ्याच्या शब्दावर कमी विश्वास ठेवणार, हेही त्यातूनच आलं. आम्ही तरीही शेकडो जीव वाचत असतील तर विमान देण्याच्या बाजूचे आहोत, मात्र गुन्हे माफ केल्याचं लेखी वचन न देता.

कत्तल चालू असेल तर

युगांडा आणि कंबोडिया ही उदाहरणं वेगळ्या पंक्तीतली. अमीनने ऑक्टोबर 1978 मध्ये टांझानियाचा कागेरा भाग बळकावला. टांझानियाने तो परत घेतला आणि पुढे जाऊन 11 एप्रिल 1979 ला कंपाला घेतलं. पोल पॉटच्या ख्मेर रूज राजवटीच्या चार वर्षांपेक्षाही कमी काळात कंबोडियातले 15 ते 20 लाख लोक मेले होते. सीमेवरच्या हल्ल्यांनी चिडलेल्या व्हिएतनामने 7 जानेवारी 1979 ला नोम पेन्ह घेतलं. बळ वापरण्याची बाजू याहून भक्कम क्वचितच सापडेल. तरीही पुढे काय झालं? युगांडात निर्वासित गटांनी मार्च 1979 मध्ये टांझानियातल्या मोशीला घाईघाईने बनवलेलं सरकार टिकलं नाही. त्याचे अध्यक्ष युसुफ लुले 68 दिवसांत गेले, 1980 च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर पुन्हा यादवी झाली आणि ती 1986 पर्यंत चालली. व्हिएतनामला कंबोडियात 1989 पर्यंत अडकून राहावं लागलं, चीनने त्याच्यावर फेब्रुवारी 1979 मध्ये हल्ला केला, आणि संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची जागा कित्येक वर्षं पोल पॉटच्याच बाजूकडे राहिली. लोकशाही दोन्ही ठिकाणी उगवली नाही. पण कंबोडियातली ती कत्तल थांबली, आणि अशा कारवाईचं माप तेच असायला हवं.

निर्बंधांचं काय

सरसकट निर्बंध हुकूमशहाला पाडत नाहीत. इराकवर ते 1990 पासून होते. सद्दाम तेरा वर्षं टिकला आणि शिधापत्रिकेमुळे उपाशी जनता उलट त्याच्या सरकारवर जास्त अवलंबून झाली. ठरावीक लोकांची खाती गोठवणं, प्रवासबंदी, शस्त्रबंदी यांचा त्रास कमी आणि दाब बरा; पण आत संघटित विरोध असेल तरच. फिलिपीन्समध्ये 1986 मध्ये रस्त्यावर लाखो लोक आले, सैन्याचा एक भाग फुटला आणि हुकूमशहा मार्कोसला पाठिंबा देणाऱ्या अमेरिकेने हात काढून घेत त्याला विमानाने बाहेर नेलं. सर्बियात 2000 मध्ये सत्ताधारी मिलोसेविच मतपेटीत हरला आणि पोलिसांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या नाहीत.

निवड करताना

निवडून आलेला किंवा आतून मान्य असलेला वारस आहे, शेजारी सोबत आहेत आणि त्याचं सैन्य लढायला नाखूश आहे, अशा वेळी तिसरा मार्ग (सीमेवर सैन्य, निघून जायला वाट) घ्यावा. वारस नाही आणि मोठी कत्तलही चालू नाही, तर फौज पाठवू नये, राजवट कितीही घृणास्पद असली तरी. हा भाग पचायला जड आहे, पण इराकमध्ये मेलेल्यांचा आकडा पाहता आम्ही यावर ठाम आहोत.

उरतो सर्वांत अवघड प्रसंग: कत्तल चालू आहे आणि वारस नाही. तिथे राजधानीकडे न वळता माणसं वाचवण्यापुरतं बळ वापरता येतं. एप्रिल 1991 मध्ये सद्दामच्या सैन्यापासून पळालेल्या उत्तर इराकमधल्या कुर्दांसाठी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्सने सैनिक उतरवून सुरक्षित पट्टा आखला आणि 36 अक्षांशाच्या वर इराकी विमानांना बंदी घातली. निर्वासित घरी परतले, 1992 मध्ये त्यांनी स्वतःची निवडणूक घेतली. सद्दाम बगदादमध्ये होताच, कुर्द गटही पुढे आपसांत लढले, आणि विमानं वर्षानुवर्षं उडवत राहावी लागली. दक्षिणेत 1992 पासून 32 अक्षांशाखाली विमानबंदी लागू झाली, पण जमिनीवर सुरक्षित पट्टा नव्हता. तिथे सद्दामचे रणगाडे मोकळे राहिले आणि दलदलीतल्या शिया गावांचं पाणी त्याने कालवे खणून तोडलं. हा मार्ग घ्यायचा तर वरून नजर ठेवण्याबरोबर जमिनीवर माणसं ठेवण्याचा खर्चही धरावा लागतो, आणि तो किती वर्षं हे आधी सांगता येत नाही.