ई-२० पेट्रोलसाठीचा ग्रास कटरचा नळी-संच: एका पावसाळ्याच्या वापरानंतर

कोकणात पावसाळा लागला की बागेतले गवत आवरायला ग्रास कटरला पर्याय उरत नाही. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, सर्रास मिळू लागल्यापासून माझ्या ५२ सीसी टू-स्ट्रोक यंत्राच्या नळ्या मऊ पडून फुगू लागल्या, प्रायमरचा बल्ब (सुरू करण्याआधी दाबून पेट्रोल ओढायचा मऊ फुगा) चिकट होऊन चिरला आणि यंत्र चोक दिल्याशिवाय चालेनासे झाले. त्यामुळे ‘इथेनॉलरोधक’ म्हणून विकला जाणारा एक संच ऑनलाइन मागवला. त्यात दोन नळ्या, टाकीच्या भोकातले रबर, फिल्टर, प्रायमरचा बल्ब आणि कार्ब्युरेटरचे डायफ्रॅम व गॅस्केट होते. असे संच बऱ्याच नावांनी मिळतात, म्हणून येथे कंपनीपेक्षा मालाविषयी लिहीत आहे.

या संचातील सर्वांत चांगली वस्तू म्हणजे डायफ्रॅम. कार्ब्युरेटरमधला हा पातळ पडदा इंजिनाच्या अगदी हलक्या ओढीवर हलतो आणि सुई उघडून पेट्रोल आत सोडतो. इथेनॉल हलक्या प्रतीच्या रबरात शिरून त्याला फुगवते, आणि पेट्रोल वाळल्यावर तेच रबर आक्रसून ताठ होते. जुना डायफ्रॅम काढून काचेवर ठेवला तेव्हा तो सपाट बसेना. बोटाने दाबला तर कागदासारखा कडकड वाजत होता. असा पडदा सुई पुरती उघडत नाही, मग पेट्रोल कमी पडते आणि चोकचा आधार घ्यावा लागतो. नवा डायफ्रॅम बसवताच यंत्र पूर्वीसारखे उचलू लागले, आणि पावसाळा संपल्यावर उघडून पाहिला तेव्हाही तो लवचीक होता. बल्बही अजून स्वच्छ आणि कोरडा आहे. एवढ्यासाठी संचाला पूर्ण गुण द्यायला हरकत नाही.

नळ्यांविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. जाहिरातीत ‘व्हिटॉन नळी’ असे लिहिले होते. व्हिटॉन हे फ्लोरोरबराचे व्यापारी नाव असून ते रबर इथेनॉलला खरोखर उत्तम टिकते. पण नळी ब्लेडने तिरकी कापल्यावर दिसले की या रबराचा केवळ एक पातळ थर आतून आहे आणि बाहेरचे जाड आवरण साध्या रबराचे आहे. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या भागाला हे चालते, कारण तेथे पेट्रोलचा संबंध आतल्या थराशीच येतो. टाकीच्या आतला तुकडा मात्र बाहेरूनही पेट्रोलात बुडालेला असतो, आणि तेथे आवरण फुगून टाकीच्या रबरात इतके घट्ट अडकले की ते कापूनच काढावे लागले. शिवाय ही नळी जाड आणि ताठ आहे. ग्रास कटर कसाही कलला तरी फिल्टर स्वतःच्या वजनाने टाकीच्या तळाशी पडायला हवा. या नळीमुळे तो अधांतरी राहत असे आणि उतारावर, अर्धी टाकी शिल्लक असतानाही, यंत्र गुदमरत असे. टाकीत बुडणाऱ्या नळीचा प्रकारच वेगळा असतो, हे विक्रेत्याला ठाऊक असायला हवे होते. शेवटी आतला तुकडा संपूर्ण फ्लोरोरबराच्या पातळ नळीने बदलला.

पाकिटावर ‘ई-२० साठी संपूर्ण उपाय’ असे छापलेले आहे, तो दावा मला मान्य नाही. शुद्ध पेट्रोलच्या ज्वलनाला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट आणि ई-२० ला साधारण १३.५ पट. मोटारीत सेन्सर हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. ग्रास कटरला सेन्सर नाही, आणि माझ्या कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे छिद्र, ठरलेल्या मापाचा असून बाहेर केवळ आयडलचा, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन ज्या वेगाने फिरते तो वेग ठरवणारा, स्क्रू आहे. परिणामी मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असे, राहते आणि इंजिन अधिक तापते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत जास्त इथेनॉलवर काही हातयंत्रांचा आयडल वेग वाढून क्लच आपोआप धरल्याचे आढळले होते. ग्रास कटरच्या बाबतीत याचा अर्थ ॲक्सिलरेटर सोडल्यावरही पाते फिरत राहणे, आणि पायाजवळ फिरणारे पाते ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. नळी बदलून यातले काहीही सुधारत नाही. अमेरिकेत ई-१५ ला (पंधरा टक्के इथेनॉल) २००१ आणि त्यानंतरच्या मोटारींपुरतीच मुभा आहे, छोट्या इंजिनांना नाही. आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० आले तेव्हा चर्चा झाली ती गाड्यांच्या मायलेजची, फवारणी पंप आणि ग्रास कटर कोणाच्या गणतीतच नव्हते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. दमट हवेतूनच सगळे पाणी पेट्रोलात येते असे सांगितले जाते, ते मला फारसे पटत नाही. सैल झाकणातून आणि उघड्या कॅनमधून जाणारा पाऊस हाच आमच्याकडचा मोठा दोषी आहे. पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसते. टू-स्ट्रोकमध्ये मिसळलेले ऑइल मात्र वरच्या पेट्रोलातच राहते, आणि फिल्टर तर तळातूनच ओढतो. असे ऑइलविना आलेले मिश्रण पिस्टनला ओरखडे पाडते, तेव्हा कोणताही डायफ्रॅम कामाला येत नाही. मिक्स केलेले पेट्रोल पारदर्शक बाटलीत थोडा वेळ ठेवून तळाशी वेगळा थर दिसतो का ते पाहावे, आणि हंगाम संपताच टाकी रिकामी करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, ही सूचना संचाच्या कागदावर असायला हवी होती. त्या कागदावर भागांची चित्रे तेवढी आहेत, तीही दुसऱ्याच कार्ब्युरेटरची.

किंमत साध्या नळी-संचाच्या तिपटीहून अधिक आहे. तेवढे पैसे पूर्ण संचाला देण्यापेक्षा डायफ्रॅम, गॅस्केट आणि बल्ब सुटे घ्यावेत, आणि नळी शेतीयंत्रांच्या दुकानात स्वतः कापून, आतबाहेर एकच रबर आहे याची खात्री करून घ्यावी. चार-स्ट्रोक जनरेटरच्या फ्लोट कार्ब्युरेटरला (ज्यात पडद्याऐवजी तरंगता फ्लोट सुई उघडतो) हा डायफ्रॅम लागतच नाही, त्यामुळे त्या मालकांनी हा संच घेण्याचे कारण नाही.