झोपेची गोळी सोडताना: केंद्रात भरती व्हावं की घरी राहून डोस उतरवावा?

घरात कुणाची तरी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम वर्षानुवर्षं चालू आहे, ती सुटावी असं आता सगळ्यांनाच वाटतंय, आणि दोन मतं पडली आहेत. एक म्हणतो व्यसनमुक्ती केंद्रात भरती करा, दुसरा म्हणतो डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करू. अशा घरासाठी हे लिहितोय. मी दोन्ही केलंय. आधी नवी मुंबईतल्या एका निवासी केंद्रात २१ दिवस राहिलो, नंतर ठाण्यात मानसोपचारतज्ज्ञांच्या ओपीडीत १३ महिने जात होतो. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही. पण काहींनी ओपीडीची वाट न धरता थेट भरतीच व्हायला हवं, त्यांच्याबद्दलही सांगतो.

त्याआधी ओळखण्याबद्दल थोडं, कारण माझी सहा वर्षं त्यातच गेली. २०१५ साली वडील गेले. रबाळ्याला शिफ्ट ड्युटी होती, झोप पार उडाली. डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.२५ रात्री एक, अशी पंधरा दिवसांची चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी मी सहा वर्षं चालवली. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत येतात. दुकानदाराने डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं, असा नियम आहे. मी तीन मेडिकल आलटून पालटून वापरायचो. २०२१ पर्यंत दिवसाचे १.५ मिलिग्रॅम झाले होते, तीन वेळा विभागून.

मला ते व्यसन वाटत नव्हतं. व्यसन म्हणजे दारू, अशी माझी समजूत. पण एकदा सकाळी ट्रान्स हार्बरने निघालो, खिसा चाचपला तर गोळ्या नव्हत्या. ऐरोलीला उतरून उलटी गाडी पकडली, घरी आलो आणि अर्धा दिवस रजा टाकली. प्रकरण कुठवर गेलंय हे त्या दिवशी कळायला हवं होतं. दुपारी चारच्या सुमारास हात थरथरायचे, छातीत धडधडायचं. मी म्हणायचो टेन्शन वाढलंय, म्हणून गोळी वाढवायला हवी. प्रत्यक्षात ते टेन्शन नव्हतंच. सकाळच्या डोसचा अंमल उतरायचा आणि शरीर पुढचा डोस मागायचं. अल्प्राझोलामचं रक्तातलं प्रमाण साधारण ११-१२ तासांत निम्म्यावर येतं. मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं, आणि ही गोळी तो ब्रेक आणखी दाबते. गोळी रोजची झाली की मेंदू स्वतःचा ब्रेक कमी वापरायला लागतो. म्हणूनच डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसच्या वर एक गोळीही न घेणाऱ्या माणसाचं शरीर गोळीवर अवलंबून राहू शकतं. त्यात चारित्र्याचा प्रश्न नाही. वयस्कर माणसांत हे आणखी उशिरा उमगतं. बाथरूममध्ये पडणं, कालचं बोलणं आज न आठवणं, हे सगळं वयाच्या नावावर खपून जातं.

ओळखल्यावर घरचे पहिली चूक करतात ती पाकिटं फेकून देण्याची. बायकोने एकदा रागाच्या भरात सगळ्या स्ट्रिप्स कचऱ्यात टाकल्या. तिसऱ्या दिवशी नळाचा आवाज सहन होईना, अंगावर मुंग्या चालल्यासारखं वाटायला लागलं, डोळ्याला डोळा नाही. माझं तेवढ्यावर निभावलं. खूप दिवस घेतलेली गोळी एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये बेन्झोडायझेपाइन म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामच्या गटातल्या सगळ्या औषधांवर अवलंबित्व आणि ती अचानक बंद करण्याचे धोके ठळक चौकटीत छापायला लावले. त्यामुळे निवड भरती आणि ओपीडी या दोनांतलीच. मनाने बंद करून बघणं हा तिसरा पर्याय धरूच नका.

आता केंद्र. त्याच्या चांगल्या बाजू मी मनापासून मानतो. मेडिकलचं दुकान पायाखाली नसतं. रात्री घाम फुटला तर बीपी बघणारं कुणीतरी असतं. घरच्यांना श्वास घ्यायला मिळतो. बायको त्या २१ दिवसांत सहा वर्षांत पहिल्यांदा निवांत झोपली, हे तिने मला खूप नंतर सांगितलं. गटात बसून बोलताना लाज गळून पडते, तेही तिथेच घडलं. वॉर्डातले बहुतेक जण दारूसाठी आलेले होते आणि वेळापत्रकही त्यांच्याच हिशोबाने आखलेलं वाटलं. दारू तुटल्याचा शारीरिक त्रास बहुतेकांचा आठ-दहा दिवसांत ओसरतो. आमच्या गोळ्यांचं तसं नाही. पण मला तपासायच्या आधीच २१ दिवस ठरलेले होते.

तरी माझ्यासाठी निकाल लागला तो कागदी कपामुळे.

सकाळ-संध्याकाळ नर्स एका छोट्या कागदी कपात गोळ्या आणून द्यायची. कधी दोन, कधी तीन. पांढरी जाऊन पिवळसर यायची, पुन्हा पांढरी यायची. मी विचारायचो, "सिस्टर, हे किती मिलिग्रॅम आहे?" उत्तर ठरलेलं, "काका, डॉक्टरांनी लिहिलंय तेवढंच आहे, घ्या." समुपदेशकांनी कारणही नीट समजावलं होतं. पेशंटला आकडा कळला की तो आकड्यातच अडकतो, कमी केलं म्हटलं की त्याच रात्री त्याची झोप उडते. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. एखाद्याला ते मानवतही असेल. मला मात्र त्याचा जाच झाला. रात्री जाग आली की आज डोस उतरवलाय म्हणून जागा आहे की शेजारचा घोरतोय म्हणून, हे कळायला काही मार्गच नव्हता. शरीर माझं, गोळी माझ्या पोटात, पण हिशोब दुसऱ्याच्या फायलीत.

घरी आल्यावर त्याची किंमत कळली. डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावं आणि पुन्हा दाखवायची तारीख होती. कुठून कुठे आणि कोणत्या टप्प्यांनी उतरवलं, ते नव्हतं. सहा आठवड्यांनी सलग तीन रात्री झोप आली नाही आणि मी मेडिकलच्या पायऱ्या चढलो. मला एकच आकडा पाठ होता, १.५. तेवढीच घेतली. मधल्या काळात शरीराची सवय मोडली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत मला शुद्ध नव्हती आणि बायको उशाशी बसून माझा श्वास बघत होती. दारूही सोबत असती तर हे लिहायला मी राहिलो असतो की नाही, कोण जाणे.

पुढे कळलं की मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये व्यसनांचे विकारही धरले आहेत. त्याच्या कलम २५ मध्ये पेशंटला स्वतःच्या उपचारांची कागदपत्रं पाहण्याचा हक्क आहे, कलम २६ मध्ये फोन आणि भेटीगाठींचा. स्वतःहून भरती झालेला माणूस डिस्चार्ज मागू शकतो. तपासणीसाठी डॉक्टर त्याला फार तर २४ तास थांबवू शकतात. मी कागद मागितलाच नाही, कारण मागता येतो हेच ठाऊक नव्हतं.

गोळी पुन्हा १.५ वर जाऊन पोचली होती. जानेवारी २०२२ मध्ये ओपीडीत गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिलाच प्रश्न आकड्याचा केला. किती, किती वाजता, कधीपासून. घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर मांडायला लावल्या. मग म्हणाल्या, "घरी कालनिर्णय आहे ना? रोजच्या चौकोनात पेन्सिलीने डोस लिहायचा. त्याखाली झोप किती तास ते. पुढच्या वेळी तुमच्याऐवजी कॅलेंडर आलं तरी मला चालेल."

पहिल्या महिन्यात त्यांनी काहीच कमी केलं नाही. अल्प्राझोलामची एकेक वेळ काढून तिच्या जागी क्लोनाझेपाम आणली, कारण ती अंगात बरीच जास्त वेळ टिकते, चढउतार कमी होतो. दुपारी चारची थरथर तिथेच थांबली. मग दर तीन आठवड्यांनी ०.१२५, म्हणजे ०.२५ च्या गोळीचा अर्धा तुकडा कमी. १.५ च्या हिशोबात हे आठ टक्के होतात. अमेरिकेतल्या व्यसनोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२५ च्या मार्गदर्शिकेत साधारण हाच वेग सांगितलाय, दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के. त्याच्याही कितीतरी आधी, १९८२ ते १९९४ या काळात, न्यूकॅसलच्या प्राध्यापक हेदर ॲश्टन फक्त या गोळ्या सोडवण्यासाठी क्लिनिक चालवत होत्या. लांब टिकणारं औषध घ्या, सावकाश उतरा, वेग पेशंटच्या सोसण्यावर ठरवा, हा त्यांचाच आग्रह.

गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं तेव्हा मी घाबरून फोन केला. मॅडम म्हणाल्या, "आहे तिथे थांबा. थांबायला हरकत नाही, वर मात्र जायचं नाही." त्या महिन्याच्या चौकोनांत एकच आकडा तीस वेळा आहे, आणि मला त्या पानाचा अभिमान वाटतो.

ओपीडीचे त्रास आहेतच. दोन-दोन तास बाकावर बसावं लागतं. ०.२५ ची गोळी हवी तेव्हा दुकानात नसते. सुरीने तुकडा करायला गेलं की निम्मी गोळी भुकटी होते, शेवटी कटरची डबी घ्यावी लागली. आणि मोठी जोखीम म्हणजे गोळ्या घरातच असतात. आमच्याकडे त्या लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये, किल्ली बायकोकडे, आणि रविवारी संध्याकाळी ती आठवड्याचे कप्पे भरून द्यायची. असं कुणी घरात नसेल तर हा मार्ग फार निसरडा आहे. स्कूटर मी ते सगळे महिने चालवली नाही, घोडबंदर रोडवर तर नाहीच. नोकरी मात्र सुटली नाही.

शेवटचा टप्पा सगळ्यात अवघड जातो, हे आधी माहीत असलेलं बरं. १.५ वरून ०.१२५ काढणं आणि ०.५ वरून तेवढंच काढणं यांत फरक आहे. तिथे तो चौथा हिस्सा होतो. मॅडमनी तुकडा निम्मा केला, अंतर वाढवलं. शेवटच्या ०.१२५ ला मला तीन महिने लागले. त्या काळात झोपेसाठी वेगळी शिस्त होती. झोप आल्याशिवाय गादीवर जायचं नाही, वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं, रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ तीच. साडेपाचला उपवन तलावावर फेऱ्या मारायला जायचो. पहिले दोन महिने चिडून, पुढे आपोआप.

मग भरती कुणी व्हावं? आधी कधी फिट आलेली असेल, सोबत दारू किंवा ट्रामाडोलसारखी अफूच्या गटातली वेदनाशामक औषधं असतील, डोस फार मोठा असेल, मनात जीव देण्याचे विचार येत असतील, किंवा किल्ली सांभाळायला कुणीच नसेल, तर भरतीच योग्य. तेही शक्यतो रुग्णालयात, जिथे रात्री डॉक्टर हजर असतो. गरोदरपणात तर तज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक तुकडाही इकडचा तिकडे करू नये. केंद्र निवडताना माझ्या मते एवढं विचारलं तरी बरंच कळतं: रात्री डॉक्टर असतो का, दिवस आधीच ठरलेले आहेत का, आणि रोजचा डोस पेशंटला सांगता का. तिसऱ्याचं उत्तर "त्याची गरज नाही" असं आलं तर मी तरी माझ्या माणसाला तिथे ठेवणार नाही. आणि केंद्रात राहिलातच, तर घरी आल्यावर ओपीडी लागतेच, हेही धरून चाला.

खाजगी फी झेपत नसेल तर ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १९०१ पासूनचं. नावाला बिचकून लोक तिथल्या ओपीडीत जायचं टाळतात, तसं टाळू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हे दोन्ही नंबर मोफत आहेत. पहिल्या भेटीला घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या, लपवलेल्याही.

कालनिर्णयची ती पानं बायकोने जपून ठेवली आहेत, जानेवारी २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत. ओळखीत कुणी विचारलं तर मी ती दाखवतो. फक्त आकडे उतरवून घेऊ देत नाही, कारण ते माझ्या १.५ चे आहेत.