स्टारड्यू व्हॅली: १५ बिया, ५०० गोल्ड आणि नानांचे प्रश्न

हा शेती करायचा गेम मी आधी मोबाईलवर खेळले होते, दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यापर्यंत पोचले होते, कोंबड्या गाई सगळं झालं होतं आणि मग फोन फॉरमॅट मारताना बॅकअप घ्यायचा राहिला नि अख्खं शेत गेलं. चूक माझीच होती, तरी आठ दिवस घरच्यांशी धड बोलले नाही. या दिवाळीत लॅपटॉपवर परत घेतला आणि पहिल्यापासून नवीन शेत चालू केलं. त्यामुळे हा रिव्ह्यू पूर्ण गेमचा नाहीये, फक्त पहिल्या स्प्रिंगचा, म्हणजे वसंत ऋतूच्या सीझनचा आहे, गेममधले २८ दिवस. कारण गेम घेऊ का नको असं विचारणाऱ्यांचा खरा प्रश्न तेवढाच असतो, की सुरुवातीचे सहा-सात तास कंटाळा येईल का. आणि माझं प्रामाणिक मत सांगते, पहिला सीझन हाच या गेमचा सगळ्यात भारी भाग आहे, पुढचा गेम त्याच्यापेक्षा सोपा आणि थोडा पांचट होत जातो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एरिक बरोन नावाच्या एका अमेरिकन माणसाने एकट्याने चार-साडेचार वर्षं बसून बनवलाय, कोडिंग, चित्रं, म्युझिक, डायलॉग सगळं त्याचंच, फेब्रुवारी २०१६ मध्ये आला. मार्च २०२४ मध्ये १.६ चा मोठा अपडेट आला तोही फुकट. एकदा पैसे भरा आणि विषय संपला, जाहिराती नाहीत, हिरे-माणकं विकत घ्या वगैरे भानगड नाही. साध्या जुन्या लॅपटॉपवर पळतो, जागाही ५०० एमबीच्या आसपास लागते.

स्टोरी म्हणजे तुम्ही एका मोठ्या कंपनीत क्युबिकलमध्ये सडताय आणि आजोबांनी मरताना दिलेलं पत्र ड्रॉवरमधून काढता, त्यात त्यांचं शेत तुमच्या नावावर केलेलं असतं. बस पकडून गावाला जाता. ना तलाठी, ना वारस नोंद, ना चुलते. इथेच नाना पहिल्यांदा हसले.

नाना म्हणजे माझे वडील. लासलगावजवळ आमची कांद्याची शेती आहे आणि ते डोळे तपासायला चार दिवस पुण्याला माझ्याकडे आले होते. डोळ्यात औषध घातलेलं असल्यामुळे दुपारभर टीव्ही नको, पेपर नको, मग माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि मी लॅपटॉपवर काय करतेय ते विचारत बसले. औषधाचा असर उतरल्यावर पण उठले नाहीत.

सुरुवातीला शेताचा नकाशा निवडायचा असतो. आता आठ प्रकार आहेत, नदीवालं, जंगलवालं, डोंगरवालं, बीचवालं वगैरे. बीच दिसायला एक नंबर पण तिथल्या बहुतेक वाळूत स्प्रिंकलर चालत नाही, नवीन माणसाने त्या नादाला लागू नये. १.६ मध्ये मेडोलँड्स म्हणून नवीन आलंय, त्यात पहिल्या दिवसापासून खुराडं आणि दोन कोंबड्या मिळतात. मी साधं स्टँडर्ड घेतलं कारण लागवडीला सगळ्यात जास्त जागा त्यात आहे. नाना म्हणाले, काळी जमीन कुठली ते बघून घे. म्हटलं नाना सगळी सारखीच असते यात.

मग पहिला दिवस. हातात ५०० गोल्ड, म्हणजे गेममधले पैसे, एक खोली, एक टीव्ही, कुऱ्हाड, कुदळ, टिकाव, विळा, झारी, आणि सरपंचाकडून भेट म्हणून पार्सनिपच्या १५ बिया. पार्सनिप म्हणजे पांढरं गाजर समजा. बाहेर बघाल तर अख्खं शेत दगड, ओंडके आणि तणाने भरलेलं, मुंगी शिरायला जागा नाही. सगळं साफ करायचा मोह होतो आणि तिथेच नवीन लोक मार खातात, कारण एनर्जी २७० आणि कुदळीचा एक घाव २ एनर्जी खातो, एका झाडाला पाणी घालायला अजून २. विळ्याला काही लागत नाही म्हणून तण कितीही कापा. एनर्जी शून्यावर गेली की कॅरेक्टर दमलेल्या बैलासारखं चालतं आणि दुसऱ्या दिवशीही पूर्ण भरत नाही. त्यात दिवस म्हणजे खऱ्या घड्याळाची जेमतेम १४ मिनिटं, सकाळी ६ ते रात्री २, त्या आत घरी येऊन झोपला नाहीत तर जागेवर आडवे आणि खिशातले पैसेही जातात.

नानांना झारी बघून राहवेना.
"ताई, झारीनं शेती? ड्रिप बसव की."
"स्प्रिंकलर आहे नाना, पण त्याला लेव्हल लागते, आणि पहिला स्प्रिंकलर फक्त चार झाडांना पाणी देतो."
"म्हणजे सबसिडीची फाईल मंजूर व्हायला लागती. बरोबर आहे."

खरंतर पहिल्या सीझनची मजा या झारीतच आहे. झारी ४० वेळा ओतली की रिकामी, मग तळ्यावर पळायचं. ३० झाडं लावली की रोज सकाळी ६० एनर्जी गेलीच, ६० लावली तर १२०, मग झाडं तोडायला काय राहिलं, खाणीत जायला काय राहिलं? त्यामुळे अजून १० बिया घ्यायच्या का नाही यावर मी खरोखर पाच मिनिटं विचार करायचे. टीव्हीवर उद्याचा हवामान अंदाज लागतो, उद्या पाऊस असेल तर पाण्याची सुट्टी, मग तो दिवस मासे पकडायला. तिसऱ्या दिवशी पाऊस ठरलेलाच असतो. आणि अंदाज चुकत नाही बरं का. हे ऐकल्यावर नानांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांची थट्टा करतेय.

पाचव्या दिवशी पार्सनिप निघालं. घराबाहेर लाकडी पेटी असते, त्यात माल टाकायचा, रात्री पैसे जमा.
"भाव काय?"
"३५."
"उद्या?"
"उद्यापण ३५. कायमच ३५. क्वालिटी चांगली आली तर थोडा जास्त."
"आणि आडत, हमाली, तोलाई?"
"काही नाही."
नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग यात अवघड काय आहे?"

प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे शेती ज्यामुळे बुडते ते सगळं या गेममधून काढून टाकलंय, भाव पडत नाही, लाईट रात्रीची येत नाही, गारपीट नाही, उधारी नाही. अवघड ठेवलंय ते फक्त वेळ आणि अंगातली ताकद. म्हणून शेती शिकायला कुणी घेत असेल तर घेऊ नका, पण हिशोब करायला आवडत असेल तर जरूर घ्या. पार्सनिपचं बी २० चं, ४ दिवसात ३५ मिळतात. बटाट्याचं बी ५० चं, ६ दिवसात ८०, कधीकधी एका झाडाला एकापेक्षा जास्त बटाटे लागतात. फ्लॉवर ८० चा, १२ दिवसात १७५. बियांचं दुकान बुधवारी बंद, हे विसरून मी १० तारखेला पैसे घेऊन गेले आणि बंद दाराला धडकून आले. गावात कंपनीचं मोठं मार्टपण आहे, ते बुधवारी उघडं असतं पण तिथे २० चं बी २५ ला. चुपचाप परत आले, पाच रुपयांसाठी... म्हणजे गोल्डसाठी.

एक खरी टीप देते. १३ तारखेला अंड्यांचा उत्सव असतो, फक्त तिथे स्ट्रॉबेरीचं बी मिळतं, १०० ला एक. त्यासाठी पैसे साठवा, आणि त्या दिवशी सकाळीच वाफे करून पाणी मारून ठेवा कारण उत्सवातून परत येता तेव्हा थेट रात्रीचे १० वाजलेले असतात. त्याच रात्री लावली तर सीझन संपायच्या आत दोनदा तोडणी होते, १२० च्या भावाने. माझ्याकडे फक्त सहा बियांचे पैसे होते कारण आधी बावळटासारखा घेवडा लावला होता, त्याला ताटी असते आणि ताटीतून चालता येत नाही. तीन ओळी शेजारीशेजारी लावल्या, मधली ओळ तोडायला पोचताच येईना.

कावळ्यांचंही लक्षात ठेवा, १५ पर्यंत झाडं असली तर येत नाहीत, त्याच्यावर गेलात की बुजगावणं पाहिजेच. ते फार्मिंगच्या पहिल्या लेव्हलला बनवता येतं.

आता तो कांद्याचा किस्सा. दक्षिणेकडच्या जंगलात स्प्रिंगमध्ये पातीचा कांदा आपोआप उगवतो, कुणीही उपटावा. खाल्ला की थोडी एनर्जी येते, सुरुवातीला मी त्याच्यावरच जगत होते. नानांनी स्क्रीनवर कांदा ओळखला आणि खुर्ची पुढे घेतली.
"हा विकला तर?"
"८."
"इथंही?" आणि जे हसायला लागले ते आत जाऊन जावयाला सांगून आले.

फ्लॉवरचं मात्र मनाला लागलं. १६ तारखेला हातात पैसे आले म्हणून मी बी आणलं, ८०० गोल्ड, आणि १७ ला दहा फ्लॉवर लावले. नाना म्हणाले, १२ दिवस लागतात ना आणि महिना २८ चा, मग २९ ला निघेल, २९ कुठंय? मी म्हटलं एक दिवसाने काय होतंय. (१२ दिवसात फ्लॉवर येतो यावरच त्यांचा आक्षेप होता, आमच्याकडे लागणीनंतर दोन-अडीच महिने जातात.) पुढचे अकरा दिवस मी त्या दहा झाडांना पाणी घालत राहिले. समरच्या पहिल्या सकाळी दार उघडलं तर दहाच्या दहा वाळून कोळ. लावताना गेम अडवत नाही. नाना तोवर गावाला गेले होते, फोनवर सांगितलं तर "हं" म्हणाले, बस.

तक्रारी आहेत. लॅपटॉपवर झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही, मध्येच कुकरची शिट्टी झाली, कुणी आलं, तर पॉज करून लॅपटॉप तसाच ठेवायचा. मासे पकडायचा प्रकार सुरुवातीला इतका चिडवतो की मी दोनदा माऊस आपटला. बारा भाषा आहेत, त्यात हिंदीसुद्धा नाही, मराठी तर लांबच. आणि सगळ्यात मोठं म्हणजे चांगले स्प्रिंकलर आले की झारी अडगळीत जाते, मग सकाळी करायला काही उरत नाही, नुसतं उत्पादन, बरण्या, पिंपं आणि पैसे. मागच्या शेतात दुसऱ्या वर्षी मी तीन लाख गोल्ड घेऊन बसले होते आणि कंटाळले होते.

मित्रांबरोबर एकाच शेतावर खेळता येतं, पैसे एकत्र ठेवायचे का वेगळे हेही ठरवता येतं. माझ्या भावाने आल्याआल्या वेगळे करूया म्हटलं.

पाचपैकी पहिल्या सीझनला पाच, पुढच्याला साडेतीन. आत्ता समरची ९ तारीख आहे, ब्लूबेरी लावलीय, हातात ४१०० आहेत. खुराडं ४००० चं, वर लाकूड आणि दगड, मोठी बॅग २००० ची. काल फोनवर नानांना विचारलं काय घेऊ. म्हणाले, "आधी चाऱ्याचं बघ, मग जनावर आण." बॅग घेतली.