बेदाण्याचा दर सांगताना सरासरी की मध्यक?

तासगाव-सांगलीच्या बेदाणा सौद्यांची नोंद शेतकरी गटासाठी ठेवणाऱ्याला हा प्रश्न हंगामात एकदा तरी पडतोच. सगळे सौदे वाचून दाखवायला वेळ नसतो, एकच आकडा सांगायचा असतो. आमच्या वहीत मी दोन्ही वापरून पाहिले. सरासरी आणि मध्यक काढतात कसे, हे शाळेत झालंय, त्यात जात नाही.

सरासरीचा त्रास मला गणितात कधी झाला नाही, बैठकीत झाला. हंगामाच्या मुहूर्ताला एखाद्या मालाला मानाचा म्हणून भलताच दर पुकारला जातो. समजा, किलोला १४०, १५०, १५५, १६०, १६५, १७० आणि मुहूर्ताचा ३९० असे सात सौदे झाले. सरासरी येते १९०. सातपैकी सहा जणांना त्याहून कमी मिळालेत, तरी गटाचा दर १९०! मग कुणी म्हणतं, मुहूर्ताचा सौदा वगळा. ज्याचा माल तो विचारतो, का म्हणून? वगळलाच तर तिसरा उठतो, ‘मग माझा १४० चाही काढा, माल भिजला होता.’ काय ठेवायचं, काय काढायचं, हे दरवेळी वही लिहिणाऱ्यानं ठरवायचं आणि वाईटपणाही त्यानंच घ्यायचा. मध्यक १६०. मुहूर्ताला ३९० मिळोत की १८०, तो जागचा हलत नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

इंग्रज संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांचा कलही मध्यकाकडेच होता. सरासरीत जो जितका भरमसाट आकडा सांगेल तितकं त्याचं पारडं जड, हे त्यांना खटकायचं. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या प्रदर्शनातल्या एका बैलाच्या, कापून साफ केल्यावरच्या वजनाचे ७८७ अंदाज त्यांनी १९०७ मध्ये तपासले. मध्यक निघाला १,२०७ पौंड, प्रत्यक्ष वजन भरलं १,१९८. गंमत अशी की त्याच अंदाजांची सरासरी १,१९७ होती. तेव्हा सरासरीला फार नावं ठेवण्यात अर्थ नाही.

शिवाय मध्यकाला किलोंनी गुणून एकूण रक्कम मिळत नाही. पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, जुळवायची तर वजनानुसार काढलेली भारित सरासरीच लागते. दोन गटांचे मध्यक एकत्रही करता येत नाहीत, सगळे सौदे पुन्हा मांडावे लागतात. आणि हिरवा-काळा बेदाणा एकाच यादीत घातलात, तर मध्यक अशा दरावर जाऊन बसू शकतो, ज्या दरानं एक किलोही विकला गेलेला नाही. आधी प्रतवारी करा, मग मध्यक काढा.

दर किती पसरलेत हे सांगायला प्रमाण विचलन आहे, पण त्यात सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग होतात, म्हणून मुहूर्ताचा सौदा तिथे आणखीच धुमाकूळ घालतो. चतुर्थकं, म्हणजे क्रमानं लावलेल्या सौद्यांचे चार सारखे भाग करणारे आकडे, बरी वाटतात. ‘मधले निम्मे सौदे एवढ्यापासून एवढ्यापर्यंत’ म्हटलं की कुणी पुन्हा विचारत नाही. फक्त एक्सेलमध्ये त्यांची दोन सूत्रं आहेत: वरच्याच सात आकड्यांचं पहिलं चतुर्थक एक १५२.५ सांगतं, दुसरं १५०. कुठलंही घ्या, पण हंगामभर तेच ठेवा.